‘अपडेट’नंतरचा फोन आणि घरातील ज्येष्ठ

रात्री फोन चार्जिंगला लावून आपण झोपतो आणि सकाळी हाती येतो तो निराळाच फोन. अक्षरांचे वळण बदललेले, मुलाचा फोटो जिथे असे तिथे दुसरेच काही, आणि कॉल आला तर तो घ्यावा कसा हेच उमजेना. आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. तरुण मंडळी दोन मिनिटे कुरकुरतात आणि नव्या मांडणीला सरावतात. ज्येष्ठांचे तसे होत नाही. या विषयावर आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी लिहायचे, असे कुणाला वाटेल. परंतु औषधाची वेळ, डॉक्टरांचा क्रमांक, रुग्णवाहिका आणि परगावी गेलेली मुले हे सारे आता त्या एका यंत्राशी बांधले गेले आहे. ते यंत्र एका रात्रीत बदलले की त्याचा परिणाम रक्तदाबाच्या नोंदीतही उतरतो, हे मी दवाखान्यात पाहत आलो आहे.

ऑगस्ट २०२५ मधला प्रकार आपणांस आठवत असेल. पोळ्याच्या सुमारास देशभरातील असंख्य अँड्रॉइड फोनवर कॉलचा पडदा एकाएकी बदलला. गुगल कंपनीने आपल्या ‘फोन’ या ॲपची मांडणी नव्या आराखड्यानुसार केली होती. आराखडा मे महिन्यातच जाहीर झाला होता. पण ती घोषणा तंत्रज्ञानात रस असणाऱ्यांच्या कानांपर्यंतच पोहोचली. आवडते क्रमांक आणि नुकतेच झालेले कॉल एकाच पानावर आले, संपर्कांची यादी बाजूच्या मेनूत सरकली, आणि येणारा कॉल घेण्यासाठी बोट वर सरकवण्याची जी सवय जडली होती, तिच्या जागी आडवे सरकवणे आले. अनेक निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये कॉलसाठी हेच ॲप बसवलेले असते. त्यामुळे घरात तीन कंपन्यांचे तीन फोन असले, तरी तिन्ही एकदम बदलल्याचे दृश्य दिसले. फोन कुणीतरी ताब्यात घेतला, आता बँकेतले पैसे जाणार, या भीतीने कित्येकांनी फोन बंद करून ठेवले.

‘मी तर काहीच दाबले नाही,’ असे त्या दिवसांत ज्येष्ठ सांगत होते. ते खरे होते. फोनची मूळ कार्यप्रणाली अद्ययावत होताना बहुधा विचारून होते. फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो, ते डोळ्यांना दिसते. परंतु आतील ॲप्स स्वतंत्रपणे, गुपचूप अद्ययावत होत असतात. प्रणालीचे अपडेट थांबवून ठेवणाऱ्यांचाही कॉलचा पडदा म्हणूनच बदलला. या बदलावर उपायही होते. त्याच ॲपच्या सेटिंग्जमध्ये येणारा कॉल सरकवून घ्यायचा की नुसत्या एका स्पर्शाने, याची निवड करता येते. थरथरत्या हातांना स्पर्शाचा पर्याय बरा. ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन आलेले अपडेट काढून टाकण्याचीही सोय आहे. पण हे सांगणारा माणूस घरात हवा.

आणि आमच्याकडे प्रश्न नेमका तिथेच येतो. नारायणगड म्हणजे बीड जिल्ह्यातील ‘धाकटी पंढरी’; नगद नारायण महाराजांच्या या गडावर आषाढीला भाविकांची रीघ लागते. या पंचक्रोशीतील आणि एकूणच जिल्ह्यातील कितीतरी घरांतून दसरा-दिवाळीनंतर ‘कोयता’ बाहेर पडतो. नवरा-बायकोच्या जोडीलाच आमच्याकडे एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळा लागताना परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि अनेकदा शाळेत जाणारी नातवंडे. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्या घरांतही चित्र फारसे निराळे नाही. दिवसभर फडात राबलेला मुलगा रात्री कोपीवर पोहोचला की फोन लावतो. तो आईला घेता आला नाही, तर दोन्हीकडची रात्र काळजीत जाते. तिकडे मुलाला वाटते आईला काही झाले. इकडे आईला वाटते मुलाने आज फोनच केला नाही.

वयस्क मनुष्याला हा बदल इतका जड का जातो, हे वैद्यकीय दृष्टीने समजून घेतले तर घरच्यांचा वैताग निम्म्याने कमी होईल. आपली स्मृती एकाच प्रकारची नसते. सायकल चालवणे, भाकरी थापणे, जपमाळ ओढणे ही हाताची स्मृती. मेंदूच्या खोल भागांत ती मुरलेली असते आणि उतारवयातही चांगली टिकते. नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची स्मृती वेगळी. तिचा वेग वयानुसार मंदावतो. आपली आई फोनवर वाचून कॉल लावत नसते. वरून दुसऱ्या ओळीत डावीकडे बोट टेकले की थोरला आणि त्याखाली लेक, असे तिचे बोट शिकलेले असते. अपडेट तिच्या बोटाने शिकलेले सारे रद्द करते आणि काम नव्या स्मृतीकडे सोपवते, म्हणजे जी बाजू मंद झाली आहे तिच्याकडे. औषधाच्या गोळीचा रंग बदलला तर काय होते, हे आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो. औषध तेच, मात्राही तीच. कंपनी बदलली आणि पांढऱ्या गोळीच्या जागी गुलाबी आली, की कुणी ती घेतच नाही, तर कुणी जुनी-नवी दोन्ही घेतो. त्याला आपण अडाणीपणा म्हणत नाही. फोनच्या बाबतीत मात्र चटकन म्हणतो.

त्यात डोळ्यांचा भाग आहे. वाढत्या वयात डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते, मोतीबिंदू असेल तर ते धूसरही होते. निळ्या-हिरव्यातला फरक आणि फिक्या रंगावरचे फिके अक्षर त्यामुळे नीट ओळखता येत नाही. नव्या मांडण्यांना नेमके हेच फिके रंग प्रिय असतात, का ते त्या आखणाऱ्यांनाच ठाऊक! बोटांचेही तसेच. स्पर्शाचा पडदा त्वचेच्या सूक्ष्म विद्युतवाहकतेवर चालतो. शेतीच्या कामाने घट्टे पडलेले, वयाने कोरडे झालेले बोट त्याला धड जाणवत नाही. मग ज्येष्ठ मंडळी जोर लावून, जास्त वेळ दाबतात; फोनला वाटते ‘दाबून धरले’, आणि भलतेच काही उघडते. बोट किती वेळ टेकले म्हणजे दाबून धरले असे समजायचे, हे अपंग व ज्येष्ठांसाठीच्या सुलभता सेटिंग्जमध्ये वाढवता येते. बोटांना थोडे खोबरेल किंवा मलम लावून, चोळून, पुसून घेतले तरी फरक पडतो.

गेल्या उन्हाळ्यात एक सून आपल्या सासूबाईंना घेऊन आली. “डॉक्टरसाहेब, आत्याबाईंना आता काही ध्यानात राहीना,” अशी तक्रार. पंधरा दिवसांपासून त्या कुणाला फोन लावत नव्हत्या, आलेला घेत नव्हत्या, गप्प बसून असत. मी तिथी विचारली, महिना विचारला, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, सारे ठीक. मुगाचा भाव त्यांनी मला सांगितला. शेवटी फोन पुढे ठेवला, तर त्यांनी तो मागे सारला. “ह्यो माझा फोनच न्हाई. कुणी बदलला, कुणाला इचारू?” फोन तोच होता. प्रणालीच्या अपडेटनंतर पहिल्या पानावरचे मुलांचे फोटो नाहीसे झाले होते. आपल्यालाच ‘काहीतरी होतंय’ अशी शंका त्यांना आली होती आणि ती घरात कळू नये म्हणून त्यांनी फोनला हात लावणे सोडले होते. शेजारच्या मुलाने दहा मिनिटांत फोटो जागेवर आणून दिले.

मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते. फोन बदलतो आणि मनुष्य स्वतःच्या मेंदूवर संशय घेतो. घरचेही घेतात. ‘आता तुम्हाला झेपत नाही, राहू द्या,’ म्हणून फोन काढून घेतला जातो. मग बोलणे कमी होते, माणूस एकाकी पडतो, आणि एकाकीपणाने खरोखरच मन व स्मृती खालावू लागते.

याचा अर्थ प्रत्येक गोंधळाचे खापर अपडेटवर फोडावे असा नाही. फोन जमत नाही, पण चहा पूर्वीसारखाच होतो, पूजेचा क्रम चुकत नाही, दुधाचा हिशेब बरोबर सांगता येतो, तर दोष बहुधा फोनकडे आहे. याउलट फोन बदललेला नसतानाही रोजची कृती विसरणे, तोच प्रश्न तासात चारदा विचारणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, गॅस चालू राहणे असे काही महिन्यांपासून वाढत असेल, तर तपासणी करून घ्यावी. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, ऐकू कमी येणे, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, यांपैकी काही कारण सापडले तर त्यावर उपचार होऊ शकतात. आणि काल ठीक असलेला मनुष्य आज अचानक गोंधळला, फोन उलटा धरू लागला, शब्द सापडेनासे झाले, तोंड वाकडे दिसले किंवा एक हात उचलेना, तर त्या फोनवरून १०८ लावावा; क्षणाचाही उशीर करू नये. तो पक्षाघात असू शकतो. साखर किंवा रक्तातील सोडियम उतरले, लघवीचा जंतुसंसर्ग झाला, तरीही वृद्धांत असा अचानक गोंधळ दिसतो.

दुसरा धोका आवाज न करणारा आहे. माझ्या एका रुग्णाला, निवृत्त शिक्षकांना, मुलाने औषधांची आठवण करून देणारे ॲप बसवून दिले होते. शिस्तीचे गृहस्थ. तपासणीला आले तेव्हा रक्तदाब १७८/१०० भरला. गोळी नियमित घेता का, विचारले तर “गजर झाला की घेतो” हे उत्तर. नऊ दिवसांपूर्वी फोन अद्ययावत झाला होता आणि त्यानंतर रात्री नऊपासून ‘व्यत्यय आणू नका’ ही सोय आपोआप चालू होत होती. आठवण येत होती, पण मुकी. रात्री साडेनऊची गोळी नऊ दिवस चुकली होती. गजर झाला नाही म्हणजे वेळ झाली नाही, असा त्यांचा साधा हिशेब.

हे केवळ आपल्या खेड्यापाड्यांतले गाऱ्हाणे नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस आयफोनचे गजर वाजत नसल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ॲपल कंपनीला दोष मान्य करावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मधुमेहींसाठी खास इशारा दिला. दंडावर किंवा पोटावर लावायच्या साखर-संवेदकाला जोडलेल्या फोनने साखर धोकादायकरीत्या उतरल्याची सूचना दिलीच नाही, असे प्रकार त्यांच्याकडे नोंदले गेले होते. कारणांत प्रणालीचे अपडेट होते, हेडफोन जोडलेला असणे होते, बदललेल्या सेटिंग्ज होत्या. संवेदकाच्या कंपनीने नव्या प्रणालीशी जुळत असल्याची खात्री दिल्याशिवाय स्वयंचलित अपडेट बंद ठेवावे आणि सूचनांच्या सेटिंग्ज महिन्यातून एकदा तरी तपासाव्यात, असा सल्ला त्यांनी दिला. असे संवेदक आता आपल्याकडेही वापरात आहेत. घरात इन्सुलिन घेणारे आणि संवेदक लावणारे कुणी असेल तर हा सल्ला शब्दशः पाळावा. ब्लूटूथने फोनला जोडलेले श्रवणयंत्रही अपडेटनंतर कधी कधी सुटते. ऐकू येईनासे झाले म्हणून कानाच्या डॉक्टरकडे धावण्यापूर्वी ती जोडणी पाहावी.

आणखी एक बारकावा. अँड्रॉइडच्या २०२० मधील अकराव्या आवृत्तीपासून, काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेतो. बॅटरी वाचवण्याची सोयही पडद्यामागच्या ॲपला झोपवते. म्हणून औषधासाठी स्वतंत्र ॲपपेक्षा फोनच्या घड्याळातील साधा गजर मला अधिक भरवशाचा वाटतो. त्याहून भरवशाची आपली भाकर. सकाळची गोळी न्याहारीला, रात्रीची जेवणाला जोडावी. सात कप्प्यांची डबी ताटाजवळ ठेवावी. फोन आठवण करून देईल तर उत्तम, नाही दिली तरी भूक देईल. गोळी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. इन्सुलिन, फिट्स आणि रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांबाबत चुकल्यास काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे.

मग अपडेट करूच नये का? काही घरांत हाच निर्णय झालेला दिसतो आणि तो मला पटत नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडमधील एक त्रुटी उघड झाली होती. नुसता एक चित्र-संदेश पाठवून परका मनुष्य फोनमध्ये शिरू शकला असता. त्यानंतर गुगलने दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करणे सुरू केले. दार नादुरुस्त आहे हे चोराला कळल्यावर ते दुरुस्त न करता झोपणे शहाणपणाचे नव्हे, विशेषतः ज्या फोनवर निवृत्तिवेतनाचे खाते आहे त्यावर. फार जुन्या प्रणालीवर ॲप्सही चालेनाशी होतात. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइडची किमान पाचवी आवृत्ती आवश्यक केली होती. मात्र अपडेट आले त्याच रात्री घ्यायची घाईही नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगच्या एका ॲपच्या अपडेटनंतर काही जुने गॅलॅक्सी फोन सारखे बंद-चालू होत राहिले; कंपनीने ते अपडेट थांबवले, पण फोन पूर्ववत करताना काहींची माहिती पुसली गेली. आठ-पंधरा दिवस थांबल्याने अशा चुका इतरांच्या फोनवर उघड होतात आणि दुरुस्तही होतात. महिनोन्‌महिने थांबू नये.

ज्येष्ठांच्या फोनचे अपडेट दिवसा करावे, घरात जाणता माणूस असताना. प्रवासाच्या, उपवासाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नको. प्ले स्टोअरमध्ये कॉल आणि घड्याळ या दोन ॲपचे आपोआप होणारे अपडेट तेवढे बंद करता येते, ते करून ठेवावे आणि अधूनमधून स्वतः घ्यावे. काम झाल्यावर दुसऱ्या फोनवरून कॉल करून पाहावा आणि तो आजोबांनाच घेऊ द्यावा. दोन मिनिटांनंतरचा गजर लावून तो वाजतो का, त्यांच्या कानाला ऐकू येतो का, ते पाहावे. फोटो जुन्या जागी आणून ठेवावेत, अक्षर मोठे करावे. शिकवताना फोन हातातून ओढून घेऊन ‘असं करायचं’ म्हणत चार पडदे सर्रकन फिरवले, तर काहीच शिकवले जात नाही. बोट त्यांचेच हवे. एका दिवशी एकच गोष्ट, तीन-चार वेळा. नातवंडे हे काम आपल्याहून चांगले करतात. त्यांच्याकडे चिडण्याची घाई नसते.

ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. व्हॉट्सॲपवरून किंवा संदेशातून ‘आपला फोन अपडेट करा’ असे सांगणारी फाइल वा दुवा आला, तर तो उघडू नका. खरे अपडेट फोनच्या सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्येच येते; लग्नपत्रिका, दंडाची पावती, शेतकरी योजना अशा वेषात येणाऱ्या फाइलींनी अनेकांची खाती रिकामी झाली आहेत. पैसे गेले तर ताबडतोब १९३० वर कळवावे. आणि फोन बदललेला दिसला तर गप्प बसू नका, ‘हे काय झाले?’ असे मोठ्याने विचारा.

कारखान्याच्या वाटेला लागण्यापूर्वी मुकादमाचा हिशेब, गाडी, भांडीकुंडी अशी शंभर कामे असतात. त्यांत अर्धा तास आई-वडिलांच्या फोनसाठी काढावा. राहिलेले अपडेट त्यांच्यासमोर करून टाकावे, कॉल आणि गजर तपासावा, फोटो लावावेत. एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत आपला, शेजाऱ्याचा आणि डॉक्टरांचा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा १४५६७ लिहून तो देवघराशेजारी टांगावा. जुना बटणांचा फोन घरात पडला असेल तर त्यात एक सिमकार्ड घालून, चार्ज करून तोही त्याच खुंटीवर अडकवावा.